दम होता की नव्हता

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हाच्या भरवशावर सोडून घरी जायचं आणि काही दिवसांनी येऊन बघावं तर तळाला मीठ धरलेलं! माझंही तसंच झालं. धाटावच्या कंपनीत मी सगळी उमेद शिफ्टमध्ये घालवली. त्यातली चारच वर्षं, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, पोरींना कबड्डी शिकवली. कंपनीतल्या साहेबांची नावं आता धड आठवत नाहीत, पण त्या चार वर्षांतल्या पोरींच्या गुडघ्यांवरचे वणसुद्धा आठवतात. कँटीनमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचंच, "पंच, एक किस्सा सोडा!"

पंच म्हणजे मी. पेण-रोह्याकडच्या गावागावात सामन्यांना शिट्टी वाजवून हे नाव पडलं. राहणारा रोह्याजवळच्या निडीचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या भानगडीत माझी लायकी काय ती एवढीच होती.

तर ऐका.

*

गडबच्या पुढे हायवेला लागून एक हायस्कूल होतं. त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, भात आणि वाल पिकवणारं एक गाव. खालच्या अंगाला, खाडीकडे, मिठागरांचं आणि खारजमिनीचं दुसरं. नावं सांगत नाही. दोन्हीकडे मला अजून जेवायला जायचं असतं! आपण वरचं आणि खालचं म्हणू.

पूर्वी खालचं मीठ वर जायचं आणि वरचे वाल खाली यायचे. मापाला माप, पैशाचं नाव नाही. मग एक कबड्डीची फायनल झाली. खालच्या गावचा गजा शेवटच्या चढाईला गेला, वरच्या धोंडूनं त्याचा घोटा धरला. गजा धोंडूच्या अंगावरच कोसळला, घोटा निखळला, तरी तसाच सरपटत त्यानं मध्यरेषेला बोटं लावली.

आता प्रश्न एवढाच, की बोटं लागली तेव्हा तोंडात 'कबड्डी कबड्डी' चालू होतं का? दम होता तर गजा वाचला आणि कप खालच्यांचा. दम तुटला होता तर गजा बाद आणि कप वरच्यांचा. दोन्ही गावं बोंबलत होती, पंचाला, तो मी नव्हे, काही ऐकू येईना. ऐकू येण्यासारखा माणूस एकच, गजाच्या खाली चेपलेला धोंडू. पंचानं त्यालाच विचारलं.

धोंडू म्हणाला, "तुटला."

मग दगड निघाले. त्यानंतर बावीस वर्षं मीठ वर गेलं नाही आणि वाल खाली आले नाहीत. वरचे पाकिटातलं बारीक मीठ खायला लागले, खालचे बाजारातले कुठलेतरी जुने, किडके वाल. गजाचा गजामामा झाला आणि लंगडत लंगडत मिठागरावर मुकादमी करू लागला. धोंडूचा धोंडूतात्या झाला. दोघांत शब्द नाही. आणि नेमक्या दोघांच्या मुली एकाच हायस्कुलात, एकाच वर्गात! गजामामाची मंदा आणि तात्याची सुली.

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. "मुलींचा कबड्डी संघ काढायचाय."

"मुलींचाच का?"

"मुलग्यांच्या सामन्याला दोन्ही गावं येतात, दगड घेऊन. पोरींच्या खेळाकडे कोण बघतंय! वरच्या पाच जणी तयार आहेत, खालच्या चार. संघ लागतो सातांचा. घ्या हिशेब."

"आणि मीच का?"

"तुम्ही निडीचे," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "तुमच्यावर दोघांचाही सारखाच अविश्वास आहे."

*

पहिल्या दिवशी साखळी शिकवायला घेतली. पकड करताना दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरून चढाईवालीला मागून वेढायचं, तिला साखळी म्हणतात. मी मुद्दाम एक वरची, एक खालची अशी जोडी लावली. सुली आणि मंदा शेजारी उभ्या राहिल्या. दोघींनी हात पाठीमागे घेतले.

"हात धरा गो!"

कुणी हलेना. शेवटी सुलीनं ओढणी काढली, एक टोक आपल्या मुठीत धरलं, दुसरं मंदाच्या दिशेनं फेकलं. मंदानं ते दोन बोटांत धरलं, गटारातला चिखलाचा गोळा उचलावा तसं.

म्हटलं, चालू दे. चढाईला पाठवलं एका दांडग्या पोरीला. ती आली, ओढणीला पोट लावून उभी राहिली आणि दोघींना घेऊन तशीच चालत मध्यरेषेपलीकडे गेली! दोघी तोंडावर आपटल्या. ओढणी फाटली ती वेगळीच.

सुली धूळ झटकत म्हणाली, "हिनं सोडली."

"मी नाय सोडली, तुझी ओढनीच कुजकी!"

"दोन महिन्यापूर्वीच घेतलेय!"

"मंग दुकानदारानं फसवलाय तुला. दाखव."

दोघी ओढणी पसरून बघत बसल्या. कापड खरंच विरलेलं होतं. पेणच्या कुठल्या दुकानातून घेऊ नये, ह्यावर दोघींचं लगेच एकमत झालं. दुसऱ्या दिवशी सुली ओढणीशिवाय आली आणि न सांगता हात पुढे केला.

*

मैदान म्हणजे नुसते खडे. कबड्डीला माती मऊ पाहिजे आणि सपाटही पाहिजे. खालच्या पोरी म्हणाल्या, आमच्या खाडीची माती आणू. मिठागराचा तळ करतात तसा पाणी मारून पायानं तुडवू, फळीनं चोपू, बघा कसा आरसा होतो. वरच्या म्हणाल्या, असलं काही नको. खळं करतात तसं शेणानं सारवू, भेग पडणार नाही.

मी शहाणा! म्हटलं, दोन्ही करा. एकमेकींकडनं शिकाल.

दोन रविवार पोरींनी जीव काढला. आधी खालच्यांनी तुडवलं, वर वरच्यांनी सारवलं. मैदान असं झालं की हेडमास्तर चप्पल काढून आत आले. सोमवारी खेळ सुरू झाला आणि पाच मिनिटांत नऊच्या नऊ पोरी गुडघे धरून बसल्या. खाडीची माती ती, अंगातच मीठ! खरचटलं रे खरचटलं, की जीव जायचा.

संध्याकाळी वरच्या गावातली एक बाई तणतणत आली. "आमच्या पोरींच्या जखमांत मीठ घातलंत? बावीस वर्षांनीसुद्धा पुरं नाय झालं?"

मी शिट्टी खिशात घालून मागे सरकलो. मंदा पुढे आली आणि तिनं आपला परकर गुडघ्यापर्यंत वर केला. गुडघा लालबुंद होता.

"काकी, मिठाला गाव कलतं काय गो? माझापन गुडघा बगा."

बाई वाकल्या, गुडघा बघितला. पदरानं पुसला. म्हणाल्या, "घरी जाऊन खोबरेल लाव हो." आणि माझ्याकडे वळून, "तुमाला कळत नाय? एवढा मोठा माणूस!"

दोन्ही गावांनी एका मताने धरलेला पहिला गुन्हेगार मी.

*

पहिली स्पर्धा पेणला. फॉर्मवर लिहायचं होतं 'संघाचे गाव'. चौकोन एक, गावं दोन. फॉर्म भरायचं काम मी पोरींवर सोडलं होतं. सुलीनं वरच्या ओळीत आपलं गाव लिहिलं. मंदानं खालच्या ओळीत आपलं लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

आयोजकांनी समजून घेतलं, की हे दोन संघ आहेत. बरं, जवळजवळची गावं दिसतात, म्हणून त्यांनी पहिल्याच फेरीत दोघांची एकमेकांशी जोडी लावली!

लाऊडस्पीकरवर दोन्ही नावं पुकारली. आमच्या नऊ जणी एका बाजूला येऊन उभ्या राहिल्या. समोरचं कोर्ट रिकामं.

"दुसरा संघ कुठंय?" पंचांनी विचारलं.

"आमीच," मंदा म्हणाली.

"मग तुम्ही कोण?"

"आमीच," सुली म्हणाली.

बराच वेळ खल झाला. शेवटी नियमाचं पुस्तक निघालं. एक संघ हजर, एक गैरहजर, म्हणजे हजर संघ विजयी. पण हजर कोणता? टॉस उडवला. काटा आला, खालचं गाव पुढच्या फेरीत गेलं आणि वरचं गाव बाद झालं. बाद झालेल्या गावाची सुली, पुढे गेलेल्या गावाची कॅप्टन!

म्हटलं, आता फाटलं. सुलीचं तोंड बघवेना. एवढ्यात मंदा तिला म्हणाली, "बसू नको अशी. आज आमच्या नावानं खेलू, रोह्याला तुमच्या नावानं."

त्या दिवशी दुसऱ्या फेरीत मार खाल्ला. पण कागदोपत्री आम्ही एक सामना जिंकलो होतो आणि तो आपल्याच विरुद्ध. आजवर मी असा दुसरा संघ पाहिलेला नाही.

*

हा तात्याच्या घरातला. सुलीनं सांगितलेला.

सरावाआधी पोरी एकत्र डबे खायच्या. सुलीच्या डब्यात बहुतेक वालाचं बिरडं, मंदाच्या डब्यात सुका जवळा. हळूहळू असं व्हायला लागलं, की सुली जवळा खायची आणि मंदा बिरडं. एकदा डब्यात घासभर जवळ्याची चटणी राहिली. घरी धुवायला टाकायच्या आधी तात्यानं डबा उघडला.

सुली दाराआड उभी. आता काय होतंय!

तात्यानं वास घेतला. बोटानं जरा उचलून जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग डोळे मिटून चाखत राहिला.

"मीठ पाकिटातलं नाय," म्हणाला.

त्यानं बोट पुन्हा डब्यात फिरवलं.

"जाडं हाय. खालचं हाय."

सुली रडायच्या बेतात. तात्यानं डब्याला झाकण लावलं, डबा तिच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या जरा जास्त उरव."

*

गजामामाचं निराळंच. तो मैदानावर यायचा नाही. हायवेपलीकडे एसटीचा थांबा होता, तिथं येऊन उभा राहायचा, मैदानाकडे पाठ करून. मंदाची चढाई आली की बरोबर त्याच वेळी त्याला मान वळवून रोह्याकडून एसटी येते का ते बघायचं असायचं! आणि रोह्याची बाजू नेमकी मैदानावरून.

एसटी यायची, थांबायची, जायची. मामा तिथंच. एके दिवशी कंडक्टर वैतागला. "मामा, रोज उभे असता, चढत नाय कधी. जायचंय कुठं?"

"कुटं नाय," मामा म्हणाला. "गाड्या येलेवर येतात का बगतो."

दुसऱ्या टोकाला शाळेच्या कुंपणावर धोंडूतात्या बसलेला असायचा. तो मात्र उघड बघायचा, पण फक्त सुलीची पकड. मंदा चढाईला आली की खाली वाकून चपलेचा अंगठा तपासायचा. वर्षभरात त्या चपलेचा अंगठा त्यानं जितका तपासला तितका चांभारानंही तपासला नसता.

एकदा सराव संपल्यावर मी स्कूटर काढत होतो. गजामामा रस्ता ओलांडून आला. निखळलेला पाय जरा ओढतच. म्हणाला, "पंच, तुमी इतके सामने केलाव. एक इचारू? खाली सापडलेल्या मानसाला वरच्याचा दम ऐकू येतो ना?"

"येतो," मी म्हटलं. "त्यालाच येतो."

मामानं हात स्कूटरच्या सीटवर ठेवला.

"मना कप नको," म्हणाला. "पाय तर काय परत येनार नाय. त्यानं एकदा तोंडानं सांगावा, गजा, तुझा दम होता. बस. बावीस वरसं मी मिठागरावर एकला काम करताना मोठ्यानं कबड्डी कबड्डी म्हनून बगतो, किती येल टिकतो ते."

तो हे सांगताना हसत होता. मला हसता आलं नाही. स्कूटर दोनदा किक मारून सुरू झाली नाही, ते बरंच झालं. किका मारण्यात गुंतलो, नाहीतर काहीतरी बोलून गेलो असतो.

*

आता शेवटचा. कँटीनमध्ये हा मी क्वचितच सांगतो, कारण सांगून झाल्यावर चहा गार झालेला असतो.

रोह्याच्या स्पर्धेला आम्ही कबूल केल्याप्रमाणे वरच्या गावाच्या नावानं खेळलो आणि सेमीफायनलपर्यंत गेलो. तिथं एका गुणानं हरलो. पोरींनी जिंकल्यावर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, करायची ठरवली होती. हरल्या, तर म्हणाल्या, "हरल्याची करू. शेंगांना काय कलतंय!"

थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. वरच्या पोरींनी शेंगा आणल्या, बांधावरचा भांबुर्डीचा पाला आणला. मीठ खालच्यांनी. तेही जाडं. पाकिटातल्या बारीक मिठाची पोपटी होतच नाही. मीठ सगळं तळाला जातं, वरच्या शेंगा अळणी आणि खालच्या खारट. वरच्या गावानं बावीस वर्षं तसलीच खाल्ली होती. मैदानाच्या कडेला मडकं उपडं घातलं, भोवती गवतकाड्या पेटवल्या. आणि काय झालं असेल ते असो, पोपटी म्हटल्यावर गजामामा रस्ता ओलांडून अलीकडे आला. तात्या कुंपणावरून खाली उतरला. मडक्याच्या ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. बोलणं नाही.

पोपटी होईपर्यंत एक डाव खेळू, म्हणून पोरींनी आपसात संघ पाडले, पाच आणि चार. सुली इकडे, मंदा तिकडे. गुण बरोबरीत आले आणि मंदा शेवटच्या चढाईला आली.

सुलीनं तिचा घोटा धरला.

मंदा वळली, सुलीच्या अंगावरच पडली आणि तशीच पोटावर सरकत तिनं हात लांब केला. बाकीच्या सात जणी किंचाळत होत्या. बोटं मध्यरेषेला लागली, ती मी बघितली. दम होता का, ते देवाशप्पथ मला ऐकू आलं नाही.

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी तात्याकडे बघितलं नाही, मामाकडे बघितलं नाही. पंचाला काहीतरी निकाल द्यायलाच लागतो. मी बादचा हात वर करायला लागलो.

तेवढ्यात मंदाच्या खालून आवाज आला. सुलीचं तोंड मातीत होतं, धड बोलताही येत नव्हतं.

"काका, होता. दम होता तिचा."

"नक्की?"

"माझ्या कानात म्हणत होती ती. होता."

म्हणजे सुलीची बाजू हरली. मंदा उठली, तिनं सुलीला हात देऊन उठवलं. दोघी गुडघ्यांची माती झटकायला लागल्या.

मग तात्या चालत निघाला. मडक्याला वळसा घालून गजामामाच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात शेंगांची रिकामी टोपली होती, ती तो उगाचच झटकत होता.

"गजा," तो म्हणाला. "तुझापण होता."

मामानं वर बघितलं.

"तुझा दम होता. मी ऐकला होता. तुटला म्हणालो ते खोटं."

बावीस वर्षं ज्या वाक्यासाठी हा माणूस थांबला होता, ते वाक्य आलं. मी माझी शिट्टी मुठीत इतकी घट्ट धरली होती, की तळहाताला वळ उठला.

गजामामानं एक काडी उचलून जाळात टाकली. म्हणाला, "नव्हता."

"काय?"

"नव्हता रं. घोटा गेला तवाच दम गेला. बोटं नुसती लागली."

"अरं, माझ्या कानात होता तुझा दम!"

"नि माज्या छातीत नव्हता! छाती कुनाची, माझी का तुझी?"

"मी खोटं बोललो म्हणतोय ना तुला!"

"तू खरा बोललास!"

"होता!"

"नव्हता!"

दोघांचे आवाज हायवेपर्यंत जायला लागले. थांब्यावर एसटी आली, कंडक्टर दारातून वाकून बघायला लागला. सुली आणि मंदा साखळी धरल्यासारख्या हातात हात घेऊन उभ्या. मग दोघेही एकदम माझ्याकडे वळले.

"पंच, तुमी सांगा! होता की नव्हता?"

मी शिट्टी फुंकली. बावीस वर्षांनी बोलायला लागलेली माणसं शिट्टीनं थांबतात होय!

पोपटी करपली ती करपलीच.